लिंबोणीखाली पुरलेले दोन रिपोर्ट

"शेवटच्या दोन्ही वेळा तुमच्या पोटात बाळ नव्हतंच," पुण्याच्या जेनेटिक्सच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "वार होती. नुसती वार."

वार म्हणजे प्लासेंटा. बाळाला आईच्या पिशवीशी जोडते आणि बाळंतपणात बाळाच्या मागून पडते ती. एवढं मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. माझ्या माहेरी आणि सासरीही कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजवर कुठल्याही दवाखान्यात माझा कागद मी दुसऱ्याला वाचायला दिलेला नाही.

मॅडमनी फाइल पुढून मागं आणि मागून पुढं चाळली. "पहिल्या दोन वेळचे बायोप्सी रिपोर्ट कुठे आहेत?"

माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या पेनांकडं पाहत राहिले. ते रिपोर्ट कधी झालेच नव्हते. जे तपासायला जायला हवं होतं, ते आमच्या घरामागच्या लिंबोणीखाली पुरलेलं होतं. मी तसं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं.

ज्या बायांना हे होतंय, किंवा ज्यांच्या घरात होतंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. शेवटी गोड बातमी असेल म्हणून वाचत असाल तर आत्ताच सांगते, ती नाही.

आमचं घर पारनेर तालुक्यात, सुप्यापासून चार-पाच किलोमीटरवर. सुप्याच्या एमआयडीसीत मसाले तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीच्या लॅबमध्ये काम करते. संदीप तिथंच जवळ दुसऱ्या कंपनीत मशीनवर आहे. घरात आम्ही दोघं आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. ही हाक कुठून आली याचा मी कधी विचार केला नव्हता. तो पुढं करावा लागला.

पहिल्या वेळी तिसरा महिना लागत होता. सकाळी कामावर जायच्या आधी रक्त दिसलं. तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. मिस्ड अबॉर्शन, म्हणजे गर्भ आतच थांबलेला, पण बाहेर पडलेला नाही. क्युरेटिंग केलं. पिशवी आतून साफ करतात ते.

मला भुलीतून अर्धवट जाग आली तेव्हा दाराशी नर्स उभी होती. तिच्या हातात पांढऱ्या झाकणाची डबी होती. "आजी, हे तपासायला पाठवायचं का?"

"तपासून काय परत येनार हाय का त्ये?" आत्या म्हणाल्या. "आमच्या घरचं हाय. द्या हिकडं. गटारीत न्हाई टाकू द्यायचं, कुत्र्या-मांजरानं वढलं म्हंजी पुढं कूस उजवत न्हाई."

आमच्याकडं बाळंतपणानंतर वार घराच्या मागं खोल पुरतात. वर मीठ, हळद, कुंकू. आत्यांना पाच बाळंतपणं झाली, पाचही वारा त्यांच्या सासूनं पुरल्या. त्यांच्या लेखी ही माया होती. आजही मी तिला दुसरं नाव देणार नाही.

पण मी जागी होते. आणि मला माहीत होतं. कारखान्यात मसाल्याच्या प्रत्येक बॅचमधून एक नमुना आम्ही वेगळा काढून ठेवतो. त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात. माल बाजारात गेला, काही तक्रार आली, तर तोच नमुना काढून तपासायचा. नमुनाच नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, बोलायला तोंड राहत नाही. हे मी नव्या मुलींना दर महिन्याला शिकवते. त्या दिवशी माझं स्वतःचं सॅम्पल कापडी पिशवीत घालून एसटीनं घरी गेलं आणि मी डोळे मिटून पडून राहिले. वाद नको वाटला. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण नाही.

"पहिल्यांदा होतं असं पुष्कळांना," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी बघा."

पुढच्या वेळी अगदी तेच झालं. तेच नर्सिंग होम, तीच डबी, तीच लिंबोणी. या वेळी नर्सनं विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या लिंबोणीला कधी नव्हे एवढी लिंबं आली. आत्यांनी ती तोडली, पण लोणचं घातलं नाही. पाटीभर लिंबं शेजारी वाटून टाकली.

तिसऱ्या वेळी उलट्या सुरू झाल्या. साध्या नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा पोटात राहीना. आणि पोट भरभर वाढायला लागलं. अडीच महिन्यांत चार-साडेचार महिन्यांसारखं दिसत होतं.

"आगं जुळी हायेत जुळी!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "वैशाली, कुनाला सांगू नको, दिष्ट लागंल."

"मी कुठं सांगते, काकू? तुम्हीच ओरडताय."

आत्या हसल्या होत्या त्या दिवशी. मला ते हसू नीट आठवतं, कारण त्यानंतर तसं परत पाहिलं नाही. दोन झबली शिवायला त्यांनी जुनं मऊ धोतर धुऊन वाळत घातलं.

मी या वेळी हट्टानं नगरला गेले. सोनोग्राफीचे डॉक्टर आधी गप्पा मारत होते. मग त्यांनी स्क्रीन स्वतःकडं वळवला. ज्या बाईनं हे पाहिलंय तिला कळेल. स्क्रीन वळला की समजायचं.

"मोलर प्रेग्नन्सी," त्यांनी सांगितलं. वार वेडीवाकडी वाढते, तिचे बारीक अंकुर पाण्यानं फुगतात आणि पिशवीभर द्राक्षाच्या घडासारखे फुगे होतात. बाळ त्यात नसतं. पण शरीराला ते कळत नाही. वार जे हार्मोन बनवते ते बीटा एचसीजी. दिवस राहिले की नाही हे ज्यावरून पाहतात तेच. ते माझ्या रक्तात इतकं वाढलं होतं की लॅबनं नमुना पातळ करून पुन्हा मोजला होता.

त्याच दिवशी दाखल केलं. रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून सक्शन केलं, म्हणजे नळीनं ओढून पिशवी रिकामी केली. या वेळी डबी आपोआप लॅबला गेली, कारण मोठ्या दवाखान्यात नियमच तसा असतो. घरच्यांना कुणी विचारत नाही. रिपोर्ट आला. कम्प्लीट हायडॅटिडीफॉर्म मोल. वाचताना माझी जीभ अडखळली. घरी आत्यांना सांगताना मी म्हटलं, "पोटात द्राक्षाचा घड होता." त्यांनी दोरीवरचं धोतर काढून घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली.

त्यानंतर दर सोमवारी रक्त द्यायला नगर. बीटा एचसीजी खाली येतंय का बघायचं. कारण ही वार आत थोडी राहिली आणि वाढत गेली तर कॅन्सरसारखी वागू शकते. हे सोमवार टाळू नका. बरं वाटतंय म्हणून टाळू नका. आणि आकडा नॉर्मल होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दिवस राहू देऊ नका.

ती तपासणी ज्या खोलीत होते तिथं सगळ्या दिवस राहिलेल्या बायका बसलेल्या असतात. कुणी पेढ्याचा पुडाही घेऊन येतं. एका सोमवारी काउंटरवरच्या नव्या बाईनं माझा कागद पाहिला आणि हसून म्हणाली, "पॉझिटिव्ह आहे बरं का ताई, अभिनंदन!"

"मागच्या सोमवारी किती होता?" मी विचारलं.

तिनं पाहिलं. "जास्त होता." मग तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "कमी झालाय... सॉरी ताई."

"सॉरी कशाला? कमी झाला तेच पाहिजे." मी कागद पर्समध्ये घातला. रस्त्यावर आल्यावर मला हसू आलं आणि मग ते थांबेना. स्टँडवर एका म्हातारीनं मला पाणी प्यायला दिलं.

आकडा नॉर्मल झाला. नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्या दोन वेळांचं काय निघालं होतं?"

"तपासलं नव्हतं."

"मग ते साधे गर्भपात धरू. मोल एकदा झाला तर परत सहसा होत नाही. पुढचं बहुतेक चांगलं होतं. एक वर्षानं बघा."

त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या हातात जेवढे कागद होते तेवढ्यावर ते बोलले. आधीच्या दोन्ही वेळी मोलच होता असा कागद असता, तर तिथंच त्यांनी मला थांबवलं असतं. हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

वर्षानं चौथ्यांदा दिवस राहिले. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी स्क्रीन वळवला.

या वेळी डबीवरचं लेबल मी स्वतः लिहिलं. नाव, वय, तारीख. कारखान्यात लिहिते तसं, ठळक अक्षरात. आत्या आल्या होत्या, पण दाराबाहेर बाकावर बसून राहिल्या. त्यांनी डबी मागितली नाही.

या खेपेला आकडा खाली येता येता अडला आणि परत चढायला लागला. मेथोट्रेक्सेट सुरू केलं. कॅन्सरवर देतात त्यातलंच औषध, इंजेक्शनातून. तोंडभर फोड आले. ताक-भातसुद्धा झोंबायचा. संदीप स्टीलच्या वाटीत भात कुस्करून समोर धरायचा आणि दुसरीकडं बघायचा. मी खाल्लं की म्हणायचा, "झालं ना?" त्याला तेवढंच बोलता यायचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

आकडा शेवटी नॉर्मलला आला. मग नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं आणि चौथ्या वेळचा नमुनाही तिकडं धाडला.

आता मॅडमनी जे समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक वेळा दोन्ही कामाच्या. पण थोडी जनुकं अशी आहेत की ती कुणाकडून आली याचा शिक्का त्यांच्यावर असतो आणि शिक्का पाहून शरीर एकच प्रत वाचतं. दुसरी मिटून ठेवतं. याला जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात. वारेत या शिक्क्यांना फार महत्त्व. ढोबळ बोलायचं तर बापाकडच्या प्रती वार वाढवत नेतात आणि आईकडच्या तिला आवर घालतात. दोघांच्या ओढाताणीत वार मापात राहते आणि बाळाला जागा मिळते.

आईचा शिक्का बीजात बसतो, बाईच्या अंडाशयात, दिवस राहण्याच्या कितीतरी आधी. माझ्या बीजात तो बसतच नाही.

"नेहमीच्या मोलमध्ये आईची जनुकं नसतातच, सगळी बापाची असतात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नमुन्यात दोघांचीही आहेत. पण तुमच्याकडून आलेल्यांवर तुमची खूण नाही. त्यामुळे वारेला दोन्ही बापाचीच वाटतात."

त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एकोणिसाव्या गुणसूत्रावर मायक्रो आरएनएचा एक मोठा गठ्ठा असतो. मायक्रो आरएनए म्हणजे अगदी छोट्या चिठ्ठ्या. त्या दुसऱ्या जनुकांच्या कामात जाऊन 'तू गप्प बस', 'तू हळू' असं सांगतात. वारेत हा गठ्ठा फक्त बापाच्या प्रतीवरून वाचला जातो, आईचा मिटलेला असतो. माझ्या वारेत मिटायचा शिक्काच नाही, म्हणून दोन्हीकडून चिठ्ठ्या सुटत असाव्यात. "पण यातली कोणती चिठ्ठी नेमकं काय बिघडवते, हे अजून पूर्ण कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जे माहीत नाही ते मी माहीत असल्यासारखं सांगणार नाही." मला त्या बाईबद्दल आदर वाटला तो इथं.

"औषध?" संदीपनं विचारलं.

"यावर नाही."

"पाचव्यांदा बघितलं तर?"

मॅडमनी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "यांच्या स्वतःच्या बीजातून मूल होण्याची आशा मी धरू नका असंच सांगेन. दर वेळी आजाराचा धोका मात्र खरा आहे. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलं तर होऊ शकतं. यांची पिशवी चांगली आहे."

मग एक समुपदेशक ताई आल्या आणि त्यांनी घराण्याचा नकाशा काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझ्या रक्तात एनएलआरपी सात नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच जागी बिघडलेल्या निघाल्या होत्या. एक आईकडून आली, एक वडिलांकडून.

"आईवडील नात्यातले आहेत का?"

आहेत. माझी आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं मामाच्या मुलीवर हक्कच असतो म्हणतात. माझ्या आईची सासू ही तिची खरीखुरी आत्या. ताईंनी माझ्या आईवडिलांमध्ये एक रेघ न काढता दोन काढल्या. नात्यातल्या लग्नाची खूण तशीच असते म्हणाल्या. त्या दोन रेघांच्या खाली माझा गोल होता. मला दोन भाऊ आहेत. पुरुषांना या दोषाचा त्रास होत नाही. बहीण असती तर तिला आधी तपासायला सांगितलं असतं. तुम्हाला बहीण असेल तर तिला जरूर सांगा.

मी आईला फोन केला. लपवणं माझ्या स्वभावात नाही. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "मंग म्या काय करायचं हुतं, वैशे? सोळा वर्साची हुते. मला कुनी इचारलं हुतं का?"

"नाही, आई. तुला कोण काय म्हणतंय?"

"तू न्हाई म्हनत. पर म्या काय बहिरी हाय का?" तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या बाईच्या बीजाची वाट आम्ही धरली नाही. संदीप एकदाच म्हणाला, "तुला चालत असेल तर मला चालेल." मी महिनाभर विचार केला. मला ते जमलं नाही. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, वेळेत जावं, लोकांचं ऐकू नये. माझ्यात चार वेळांनंतर पाचव्यांदा त्या टेबलावर झोपायची ताकद उरली नाही. शिकलेल्या बाईनं हे सांगायला लाजायचं कशाला?

राहिल्या आत्या. त्यांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. संदीप म्हणाला, नको सांगू, म्हातारी मनाला लावून घेईल. पण मला वाटलं, त्यांचं वय झालंय, त्यांची अक्कल नाही गेलेली. एका रविवारी त्या अंगणात हरभरे निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. दोष माझ्या बीजात आहे. पहिल्या दोन वेळी तपासलं असतं तर पुढचे दोन टळले असते. आणि तेव्हा मी जागी होते, मला कळत होतं, मी बोलले नाही. हेही सांगितलं.

त्या निवडत राहिल्या. मग सूप खाली ठेवलं, घरात गेल्या आणि खुरपं घेऊन आल्या.

"चल."

"कुठं?"

"उकरून बघू. आता तपासत्याल का? मला जागा म्हाईत हाय. दोनी जागा म्हाईत हायेत."

"आत्या, इतकी वर्षं झाली. काही नसेल आता तिथं."

"कायबी न्हाई?"

"काही नाही."

त्या खुरपं घेऊन लिंबोणीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग खुरप्यानं आळ्यातलं गवत काढायला लागल्या. मी सूप ओढून उरलेले हरभरे निवडले.

यानंतर तीन-चार महिन्यांनी आत्यांच्या बहिणीच्या नातसुनेचा फोन आला. ती राळेगणजवळच्या वस्तीवर राहते. तिला रक्त जात होतं, तिसरा महिना होता. आत्यांनी मला कामावर फोन केला, "घरी ये आणि मला येक कागुद लिहून दे." मी अर्धी रजा टाकून आले. त्यांनी सांगितलं ते मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे तपासायला पाठवा. आम्ही घरी नेणार नाही.' आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद चार घड्या घालून कनवटीला खोचला आणि पारनेरची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी आल्या. "म्हातारी लई भांडली माझ्याशी," आपल्याच बहिणीबद्दल सांगत होत्या. "म्हनली, तुला काय शहरातलं वारं लागलं का? म्हनलं, व्हय, लागलं. लागू दे. डबी म्या सोता दिली नर्साच्या हातात."

दहा-बारा दिवसांनी त्या घरचा नातू रिपोर्ट घेऊन आमच्या घरी आला, कारण आत्यांनी त्याला बजावलं होतं की वैशालीला दाखवल्याशिवाय कुठं ठेवायचा नाही. मी तो अंगणात उभी राहून वाचला. साधा गर्भपात होता. मोल नव्हता. कुठंही फुगलेले अंकुर नव्हते.

"परत वाच," आत्या म्हणाल्या.

मी परत वाचला, या वेळी मराठीत सांगत.

"मंजी तिला हुईल?"

"मोल तरी नाही, आत्या. होईल. तिला होईल."

आत्यांनी मान हलवली. माझ्या हातातून कागद घेतला, आल्या घड्यांवर घडी घातली, कोपरे जुळवले आणि परत माझ्या हातात दिला.

"लोकाचा हाय," त्या म्हणाल्या. "त्यो घिऊन जाईस्तवर नीट ठिव."